डावीकडं न बघणारी नजर मोजायची कशी? पेशंटसोबत आय ट्रॅकिंग आणि व्हीआर वापरणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या माणसानं ताटातली चटणी सोडली तर घरात काळजी सुरू होते. आमच्याकडं फिजिओथेरपीला येणाऱ्या एका काकांच्या घरी तेच झालं. त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला होता. काका जेवून उठले की ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ, आणि डावीकडची चटणी, लोणचं, मीठ जिथल्या तिथं. "डॉक्टरांनी तिखट बंद केलं असंल," असं घरच्यांना वाटलं. एकदा काकूंनी सहज ताट फिरवलं, तर काकांनी चटणी मागून मागून खाल्ली.

याला निग्लेक्ट म्हणतात. डोळे शाबूत असतात, पण जगाची एक बाजू, बहुतेक वेळा डावी, हिशेबातच धरली जात नाही. कागदावरची रेघ मधोमध छेदायची चाचणी काकांनी बरी दिली, आणि बाहेर पडताना डावा खांदा चौकटीवर आपटला. शांत खोलीत समोर धरलेला कागद आणि कोल्हापूरच्या बाजारातली, महाद्वार रोडची गर्दी यांत पेशंटची परीक्षा घेणारी कुठली, हे मला तेव्हा कळलं. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दाखवलेल्या संगणकी दृश्यात, गर्दी खोलीत आणता येते आणि आय ट्रॅकरनं, म्हणजे नजर टिपणाऱ्या यंत्रानं, त्या गर्दीत नजर कुठं गेली ते टिपता येतं. गेली दोन वर्षं मी हेच करते आहे. पीजीची पोरं येऊन विचारतात, "मॅडम, हेडसेट कुठला घेऊ?" त्यांना तेच तेच सांगायचं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. उदाहरण निग्लेक्टचं घेतलंय, पण पार्किन्सन, ऑटिझम, काचबिंदू किंवा सर्जरीचं प्रशिक्षण असा विषय असला तरी पायऱ्या जवळपास याच.

पहिल्यांदा प्रश्न, एका वाक्यात

"निग्लेक्टमध्ये व्हीआरचा उपयोग" हा प्रश्न झाला नाही, ते झालं सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचं शीर्षक. प्रश्न असा हवा: बाजाराच्या दृश्यात पहिल्या दोन मिनिटांत निग्लेक्टच्या पेशंटची नजर मध्यरेषेपासून सरासरी किती अंश उजवीकडं राहते, आणि त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा ती किती वेगळी असते? या वाक्यात मोजमाप, वेळ आणि तुलना तिन्ही आली. हे मुख्य मोजमाप आधीच ठरवून लिहून ठेवा. आय ट्रॅकर एका सत्रात शंभर आकडे काढून देतो. निकाल आल्यावर त्यातला सोयीचा निवडायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता.

दुसरं म्हणजे तुमच्या आजारासारखं दिसणारं दुसरं काय असतं ते शोधा. स्ट्रोकनंतर अर्धं दृष्टिक्षेत्र जाऊ शकतं, त्याला हेमिअनोपिया म्हणतात. तो पेशंटही डावीकडच्या वस्तूंना धडकतो. पण डावीकडं दिसत नाही हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम मान वळवून तिकडं शोधतो. निग्लेक्टवाल्याला शोधायची गरजच वाटत नाही. एकाची नजर आंधळ्या बाजूकडं जास्त जाते, दुसऱ्याची कमी. दोघांना एका गटात घातलंत तर सरासरी शून्याजवळ येईल आणि तुम्ही म्हणाल, "काही फरक नाही." त्यामुळं नेत्रविभागाकडून दृष्टिक्षेत्र तपासून घेतल्याशिवाय कुणालाही अभ्यासात घेऊ नका.

निग्लेक्ट डोळ्यांच्या पलीकडचा आहे हे १९७८ साली बिसियाक आणि लुझात्ती यांनी मिलानमध्ये फार सुंदर दाखवलं. त्यांनी पेशंटला शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणायला सांगितला. एका टोकाला उभं असल्याची कल्पना केली की पेशंट उजवीकडच्याच इमारती सांगायचे. मग चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभं असल्याची कल्पना करायला सांगितल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती आठवायच्या आणि आधी सांगितलेल्या गळायच्या. आपल्याकडं कोल्हापुरातला बिंदू चौक घेऊन हे करून बघा. खर्च शून्य, आणि व्हीआरमध्ये काय शोधायचंय ते नीट समजतं.

यंत्र काय मोजतं आणि कुठलं घ्यायचं

हेडसेटच्या आत प्रत्येक डोळ्यासमोर बारीक इन्फ्रारेड दिवे आणि एक कॅमेरा असतो. त्या प्रकाशात बाहुली काळी दिसते आणि कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, दिव्यांच्या चमकत्या ठिणग्या दिसतात. डोळा फिरला की बाहुलीचा मध्य आणि ठिणगी यांतलं अंतर बदलतं, त्यावरून दिशा काढली जाते. एवढंच. डोळा कुठं रोखलाय ते यंत्र सांगतं. माणसानं ते पाहिलं का, त्याला ते कळलं का, हे दुसऱ्या मार्गानं विचारावं लागतं. म्हणून दृश्यात एखादं काम द्या: "झेंडूचा हार दिसला की बटण दाबा."

आता वेग. नजर एका जागी साधारण २०० ते ३०० मिलीसेकंद थांबते आणि मग उडी मारते. लहानशी उडी ३०-४० मिलीसेकंदांत संपते. १२० हर्ट्झचा ट्रॅकर दर ८.३ मिलीसेकंदांनी एक नोंद घेतो, म्हणजे एका उडीत चार-पाच नोंदी. नजर कुठं थांबली आणि किती वेळ थांबली, याला हे पुरेसं आहे. उडीचा सर्वोच्च वेग किंवा सूक्ष्म उड्या मोजायच्या असतील तर व्हीआर हेडसेटचा नाद सोडा. त्याला ५०० किंवा १००० हर्ट्झचं टेबलावरचं यंत्र लागतं.

भाचा गेम खेळतो तो क्वेस्ट २ किंवा क्वेस्ट ३ हेडसेट चालणार नाही, कारण त्यांत डोळ्यांचे कॅमेरेच नाहीत. २०२२ च्या क्वेस्ट प्रोमध्ये आहेत, २०१९ पासूनच्या वाइव्ह प्रो आयमध्येही आहेत. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये ट्रॅकिंग उत्तम आहे, पण खासगीपणासाठी कंपनी ॲपला नजरेची कच्ची माहिती देत नाही. तेव्हा घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: कच्च्या नोंदी, त्यांची वेळ आणि प्रत्येक डोळा वेगळा, हे फाइलमध्ये मिळतं का? विक्रेता "हो मॅडम, सगळं मिळतं" म्हणतोच. फाइल उघडून दाखव म्हणा.

अचूकतेचा आकडाही बारकाईनं वाचा. वाइव्ह प्रो आयसाठी कंपनी ०.५ ते १.१ अंश सांगते, पण दृश्याच्या मधल्या २० अंशांपुरतंच. कडेला चूक वाढते. १ अंशाची चूक म्हणजे २ मीटरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर आणि ५ मीटरवर पावणेनऊ. म्हणून "पेशंटनं साडीवर पाहिलं का" हे विचारता येतं, "साडीवरच्या किमतीच्या चिठ्ठीवर पाहिलं का" हे नाही.

परवानग्या

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं एथिक्स कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. त्यांतल्या बऱ्याच जणांनी हेडसेट डोक्यावर घातलेला नसतो. बैठकीला तो घेऊन जा, घालू द्या. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करायची. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. ती मोफत आहे, त्यामुळं सबब नाही.

संमतिपत्राची एक गंमत सांगते, गंमत कसली, चूकच होती. आमचं पहिलं मराठी संमतिपत्र दोन पानांचं, नीट छापलेलं. एका पेशंटनं वाचून सही केली. नंतर सहज मोठ्यानं वाचायला सांगितलं, तर प्रत्येक ओळीचा डावा भाग गाळून उजवे शब्द जोडून वाचत होते. निग्लेक्टचा पेशंट हे करणार, हे आम्हालाच सुचलं नाही! आता मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, तटस्थ साक्षीदार ठेवतो, आणि आपल्याला आजार आहे हेच पेशंटला उमगत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमतीही घेतो. डोळ्यांचे फोटो साठवणार असाल तर तसं स्पष्ट लिहा. बुबुळाच्या फोटोवरून माणूस ओळखता येतो. शक्यतो साठवूच नका, दिशेचे आकडे पुरतात.

दृश्य बांधणं

३६० अंशांच्या कॅमेऱ्यानं महाद्वार रोडवर चित्रण करणं सोपं वाटतं. आम्हीही आधी तेच केलं. पण चित्रणात कुठली वस्तू कुठं आहे हे संगणकाला माहीत नसतं. फ्रेमवर फ्रेम माणसानं चौकटी आखत बसायच्या, आणि मधेच एखादी म्हैस नाहीतर वडापची रिक्षा कॅमेऱ्यासमोर. शिवाय वाटसरूंचे चेहरे येतात ते वेगळंच. युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधलेल्या दृश्यात मात्र नजरेचा किरण कुठल्या वस्तूला लागला हे आपोआप नोंदलं जातं. बीईच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट शोधत असतात. त्यांना बरोबर घ्या, पेपरात नाव द्या.

बांधताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवा. उजवीकडं झगमगीत साज आणि डावीकडं बंद शटर असेल तर निरोगी माणूसही उजवीकडंच बघेल. यावरचा उपाय आरशाचा आहे. त्याच दृश्याची उलटी प्रत करायची, निम्म्या फेऱ्या मूळ आणि निम्म्या उलट्या दाखवायच्या. पण दृश्य उलटं केलं की दुकानांच्या पाट्याही उलट्या होतात, आणि उलटी देवनागरी सगळ्यांचीच नजर ओढून घेते. पाट्या तेवढ्या वेगळ्या करून सुलट्या बसवा.

पेशंटला दृश्यातून चालवू नका. शरीर खुर्चीत आणि डोळ्यांसमोरचा रस्ता सरकतोय, हेच व्हीआरमधल्या मळमळीचं मोठं कारण. वस्तू १ ते ५ मीटरच्या टप्प्यात ठेवा, लुकलुकणारे दिवे टाळा. स्ट्रोकनंतर झटके आलेले असतील तर त्या पेशंटला घेऊच नका.

खोली आणि चेहरा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माहिती सर्वांत जास्त वाया जाते ती इथं.

अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण थेट आत पोचतात, त्याचं आपल्याला अप्रूप. आय ट्रॅकरच्या खोलीत मात्र तोच पश्चिमेचा सूर्य वैरी. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. हेडसेटच्या नाकाजवळच्या फटीतून ते आत शिरलं की ठिणग्या बुडून जातात. आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती आणि दुपारी चारनंतरची माहिती सारखी तुटायची. आठवडाभर आम्ही सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. शेवटी मावशींनी जाड पडदा लावला आणि प्रश्न सुटला. हेडसेट उन्हात तोंड वर करून ठेवणं तर पापच. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो.

चेहऱ्यावर काजळ असेल तर यंत्र काळ्या पापणीलाच बाहुली समजून बसतं. फोनवर वेळ देतानाच सांगा: "उद्या काजळ, मस्कारा घालून येऊ नका." विसरल्याच तर कापूस आणि खोबरेल तेलानं काजळ निघतं, पण नंतर तेल साबणानं पूर्ण काढा, नाहीतर भिंगावर जातं. केसांना चप्पट तेल लावून येणाऱ्या आज्ज्यांसाठी डोक्यावर एकदाच वापरायची कापडी टोपी. अंबाडा असेल तर हेडसेटचा मागचा पट्टा अंबाड्याच्या खाली घ्या. गजरा, नथ, केसांचे आकडे काढून नातेवाइकांच्या हातात मोजून द्या. एकदा नथीच्या मोत्यावरून अर्धा तास गेलाय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांच्या कृत्रिम भिंगावर जादा चमक येऊ शकते. पापणी उतरलेली असेल तर बाहुली अर्धी झाकते. हे सगळं आधीच्या फॉर्मवर नोंदवा. चष्म्याचं म्हणाल तर हेडसेटमधलं चित्र साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखं पडतं. त्यामुळं फक्त वाचायचा चष्मा असलेल्यांना तो लागत नाही, लांबचा असलेल्यांना लागतो.

डोळे आलेले असतील तर सत्र रद्द, चर्चा नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ पसरली होती, ती आठवा. चेहऱ्याला टेकणारी गादी धुता येणारी घ्या, दर पेशंटनंतर पुसा. भिंगांना स्पिरिट लावू नका, कोरडं मऊ कापड वापरा. आणि पावसाळ्यात हेडसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कोल्हापूरच्या जुलैत चपलेलाही बुरशी येते.

कॅलिब्रेशन

पडद्यावर ठिपके येतात, पेशंट त्यांकडं बघतो, यंत्र त्याचा डोळा शिकतं. निग्लेक्टमध्ये अडचण अशी की डावीकडचा ठिपका पेशंट बघतच नाही. काकांना विचारलं, "काका, ठिपका दिसला का?" ते म्हणाले, "बघतोय न्हवं." यंत्रानं मान्य केलं, आणि पुढची सगळी नोंद वाकडी.

आता आम्ही असं करतो. आधी बाहुल्यांतलं अंतर मोजून भिंगं जुळवायची. हेडसेट गालावर पक्का बसवायचा. अर्धा ते पाऊण किलोचं वजन असतं, तो घसरला की कॅलिब्रेशन बिघडलंच. मग ठिपका मोठा, सावकाश, आणि डावीकडचा आला की सहाय्यकानं पेशंटच्या डाव्या खांद्यावर हलकेच थाप देऊन म्हणायचं, "हिकडं बघा, माझ्या हाताकडं." एवढ्यावर संपत नाही. कॅलिब्रेशननंतर वेगळे ९ ठिपके दाखवून चूक किती येते ते स्वतः मोजा. किती अंशांपर्यंत चालेल ते आधी ठरवा, आम्ही १.५ ठेवलंय. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर पेशंटला चहा पाजून त्या दिवशी घरी पाठवा, आणि का जमलं नाही ते लिहा. सत्राच्या शेवटी तेच ९ ठिपके पुन्हा दाखवा. मध्ये हेडसेट सरकला का, ते तेव्हाच कळतं.

सत्र

फिरती खुर्ची नको. नजर उजवीकडं गेली म्हणजे डोळे फिरले, मान फिरली की अख्खं धड वळलं, हे वेगळं करता आलं पाहिजे. खुर्ची स्थिर, पाय जमिनीवर, जमलं तर छातीला एक ट्रॅकर. दृश्यातली मध्यरेषा धडावरून ठरवायची, मानेवरून नाही. लुळ्या हाताखाली उशी द्या, आणि एक माणूस कायम डाव्या बाजूला उभा हवाच. पेशंट तिकडंच कलंडतो.

सत्राआधी आणि नंतर मळमळीची प्रश्नावली भरा. १९९३ ची सिम्युलेटर सिकनेसची, म्हणजे आभासी दृश्यामुळं होणाऱ्या मळमळीची, १६ लक्षणांची यादी चालते, फक्त मराठी रूपांतर आधी नीट तपासून घ्या. "चक्कर", "गरगरणं" आणि "भोवळ" यांत आपल्या पेशंटांना फरक वाटतो. पहिलं सत्र दहा मिनिटांच्या आत ठेवा. चंदगडहून किंवा गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेला पेशंट आधीच दमलेला असतो. त्याला खायला द्या, अर्धा तास बसू द्या, बीपी बघा. परतीच्या गाडीची वेळ विचारूनच वेळापत्रक ठरवा, नाहीतर दुसऱ्या फेरीला कोणी येत नाही.

फाइल

सर्वांत महागडी चूक एका चिन्हाची असते. दिशा मोजायची युनिटीची अक्षपद्धत डाव्या हाताची, आणि हेडसेटशी बोलायचं ओपन एक्सआर हे मानक उजव्या हाताचं. मधे कुठं रूपांतर चुकलं तर फाइलमध्ये डावं-उजवं उलटू शकतं, आणि आमच्या विषयात त्याचा अर्थ अख्खा निकाल उलटा. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला सहाय्यकानं स्वतः हेडसेट घालून ठरलेल्या क्रमानं डावीकडं, उजवीकडं, वर, खाली बघायचं आणि ती फाइल उघडून पाहायची. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, नोंद दृश्याच्या फ्रेमसोबत करू नका. हेडसेटचा पडदा ९० हर्ट्झचा आणि ट्रॅकर १२० चा असेल तर दर सेकंदाला ३० नोंदी गळतात. प्रोग्राममध्ये वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे दृश्यापासून स्वतंत्र चालणाऱ्या धाग्यावर, नोंदवा, ट्रॅकरची स्वतःची वेळ जपा. डोळ्याची दिशा, डोक्याची दिशा, दोन्ही डोळ्यांची वैधता (नोंद भरवशाची आहे का), लागलेली वस्तू, सगळं कच्चं ठेवा. गाळणं नंतर. संगणक यूपीएसवर, अपडेट बंद, आणि फाइलला पेशंटचं नाव नाही, क्रमांक.

विश्लेषण

उघडझाप होताना आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या सुमारे १०० मिलीसेकंदांच्या नोंदी काढा. पापणी खाली येताना यंत्राला नजर खाली पडल्यासारखी वाटते. नजर थांबली कुठं हे वेगावरून किंवा नोंदींच्या पसाऱ्यावरून ठरवतात. दोन्ही पद्धतींची नीट मांडणी साल्वुची आणि गोल्डबर्ग यांनी २००० मध्ये केली. व्हीआरमध्ये डोकं फिरत असतं. मान वळवताना माणूस एकाच वस्तूकडं बघत असला तरी खोबणीत डोळा उलट फिरतो. म्हणून डोळा आणि डोकं मिळून जगातली दिशा काढा आणि त्यावर हिशेब करा. किती टक्के नोंदी गळाल्या की सत्र बाद, हा आकडाही आधीच ठरलेला असावा.

बाहुलीच्या आकारावरून "मानसिक ताण" काढायचा विचार असेल तर जपून. बाहुली आधी उजेडाला प्रतिसाद देते. पांढऱ्या साडीवरून काळ्या चपलेवर नजर गेली तरी ती मोठी होते.

आणि पाच मिनिटांच्या सत्रात ३६,००० नोंदी मिळतात, याला भुलू नका. वीस पेशंट म्हणजे नमुना वीसचाच. नोंदींची संख्या घालून चाचणी चालवली तर जगातला कुठलाही फरक ठळक दिसेल. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञांकडं सिनॉप्सिसच्या वेळीच जा. माहिती गोळा झाल्यावर गेलात तर ते फक्त हळहळतात. आधी सहा जणांचा पायलट, म्हणजे छोटा चाचपणी अभ्यास करा, त्यात दोघं वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक, म्हणजे त्याच वयाचे निरोगी. पेपरात किती जण आले, किती जणांचं कॅलिब्रेशन जमलं नाही, किती सत्रं बाद झाली, हे सगळं छापा.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात. पेशंटला काय सांगायचं? काकांची नजर उजवीकडं किती झुकलेली होती त्याचा रंगीत आलेख आम्ही काकूंना दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग ताटाचं काय करू?" ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली. जेवताना आधी लाल पट्टी शोधायची, मग तिथून उजवीकडं यायचं. पुढच्या फेरीला काका आले तेव्हा काजळ-बिजळ सगळं विचारून झालं आणि काकूच म्हणाल्या, "चटणी खात्यात आता. पर पट्टी काढली की पुन्हा तसंच." ते आम्ही नोंदवहीत लिहून घेतलं, तारखेसकट.